विद्यार्थ्यांचे काम डिजिटल पद्धतीने गोळा करणे आणि सांभाळणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत ही व्यवस्था उभी करताना आणि नंतर काही वर्षे ती सांभाळताना सहकारी शिक्षकांकडून, मुख्याध्यापकांकडून आणि पालकांकडून जे प्रश्न पुनःपुन्हा आले, ते येथे एकत्र केले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तेथे चुका महागात पडतात.

याची खरोखर गरज आहे का?

सरसकट नाही. पाढे, शुद्धलेखन, हस्ताक्षर, भूमितीतील रचना यांसाठी वहीइतके चांगले साधन अजून निघालेले नाही आणि त्या कामांचे फोटो काढून घेण्यात शिक्षकाचा व मुलाचा दोघांचाही वेळ जातो. गरज भासते ती तीन ठिकाणी: जेथे एकच लेखन दोन-तीन वेळा सुधारून घ्यायचे असते, जेथे कामात आवाज किंवा हालचाल असते (प्रकट वाचन, गायन, प्रयोगाची चित्रफीत), आणि जेथे मुलाची वर्षभरातील वाटचाल एका ठिकाणी पाहायची असते.

निर्णय घेण्यापूर्वी कामाचा पूर्ण प्रवास डोळ्यांसमोर आणावा. शिक्षक काम देतात, मूल ते करते, जमा करते, शिक्षक तपासतात आणि शेऱ्यासह ते काम मुलाकडे परत जाते. साधनांची माहितीपत्रके बहुधा ‘जमा करणे’ या टप्प्याभोवती फिरतात, तर शाळांची फजिती शेवटच्या टप्प्यावर होते. काम गोळा झाले, फोल्डरही भरले, पण मुलाने आपला शेरा कधी पाहिलाच नाही, अशी स्थिती असेल तर त्या शाळेने केवळ गोदाम उभारले आहे. पुढील बहुतेक उत्तरांत हीच कसोटी लावली आहे.

वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहेच. तो पुरेसा नाही का?

सूचना देण्यासाठी पुरेसा आहे, काम गोळा करण्यासाठी नाही. ग्रुपवर एका मुलाने उत्तर टाकले की ते सर्वांना दिसते; उरलेल्यांपैकी काहींना त्यातून आयते उत्तर मिळते आणि ज्याचे चुकले त्याची चूक चारचौघांत उघडी पडते. फोटो नेहमीच्या मार्गाने पाठवला तर ॲप तो लहान करते, त्यामुळे फिक्या पेन्सिलीने लिहिलेली अक्षरे पुसट होतात. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास मूळ स्वरूपात पोहोचतो, एवढी युक्ती तात्पुरती उपयोगी पडते. खरी अडचण मात्र वेगळी आहे. कोणी काम दिले नाही, हे ग्रुप कधीच सांगत नाही. संध्याकाळी शिक्षक अंगठ्याने वर-खाली सरकवत नावे मोजत बसतात आणि त्यांच्या खासगी फोनच्या गॅलरीत घरच्या छायाचित्रांच्या मध्ये वहीची शेकडो पाने साचत जातात. फोन बदलला की त्यांतील निम्मी जातात.

मग कोणते साधन निवडावे?

हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. खरे तर तो शेवटी यायला हवा. तरीही स्थूल चित्र सांगणे आवश्यक आहे.

गूगल क्लासरूम २०१४ मध्ये शाळांसाठी खुले झाले. त्यातील सर्वांत उपयुक्त सोय म्हणजे एकाच मूळ कागदाची प्रत्येक विद्यार्थ्यासाठी वेगळी प्रत आपोआप तयार करता येते, आणि मुलाने काम जमा केले की ते परत मिळेपर्यंत, किंवा त्याने स्वतः ते मागे घेईपर्यंत, त्याला त्यात बदल करता येत नाही. म्हणजे तपासणी चालू असताना खालचा मजकूर नकळत बदलण्याची शक्यता बरीच कमी होते. मायक्रोसॉफ्ट टीम्समधील असाइनमेंट्स हा विभागही साधारण हेच काम करतो. शाळेत आधीपासून वर्ड, एक्सेल आणि त्याच कंपनीची खाती वापरात असतील तर तो सोयीचा पडतो. मूडलची पहिली आवृत्ती २००२ मध्ये आली. ऑस्ट्रेलियातील मार्टिन डुगियामास यांनी ती तयार केली. ती मुक्त स्रोत (जिचा कोड कोणालाही मोफत वापरता येतो अशी) प्रणाली असल्यामुळे शाळा ती स्वतःच्या सर्व्हरवर चालवू शकते. त्यात बारकावे खूप आहेत: विद्यार्थ्याचे नाव झाकून तपासणी करता येते, सर्व कामे एका झिप फाइलमध्ये उतरवून घेता येतात, इंटरनेट नसताना तपासून गुणांचा तक्ता आणि शेऱ्यांच्या फायली पुन्हा एकदम चढवता येतात. त्याची किंमत वेगळ्या रूपात मोजावी लागते. सर्व्हर सांभाळणारा, वेळच्या वेळी अद्ययावत करणारा माणूस शाळेला लागतो. तो नसेल तर मूडलचा आग्रह धरू नये.

माझे मत विचाराल तर, शाळेतील बहुसंख्य शिक्षकांना ज्याची खाती आणि पासवर्ड आधीच ठाऊक आहेत ते साधन, जरी त्यात दोन सोयी कमी असल्या तरी, अधिक काळ टिकते. एकाच इयत्तेला गणितासाठी एक ॲप, भाषेसाठी दुसरे आणि विज्ञानासाठी तिसरे देणे ही सर्वांत मोठी चूक आहे. मुलासाठी काम जमा करण्याचे दार एकच असावे.

इतकी व्यवस्था न करता, सर्वांना एक सामाईक फोल्डर दिला तर चालेल का?

आम्ही सुरुवातीला तेच केले. चाळीस मुलांना एकाच फोल्डरवर संपादनाचा अधिकार दिला आणि तीन आठवडे सारे सुरळीत चालले. चौथ्या आठवड्यात एका मुलाला स्वतःची फाइल सापडेना, म्हणून त्याने ‘इतरांच्या नको असलेल्या’ फायली निवडून फोल्डरबाहेर काढल्या. दुपारी मी फोल्डर उघडला तेव्हा त्यात एकच फाइल होती, आणि ती त्याची होती. बाकीच्या फायली नष्ट झाल्या नव्हत्या, त्या ज्याच्या त्याच्या खात्यात शिल्लक होत्या. परंतु एकोणचाळीस मुलांकडून त्या पुन्हा मागवण्यात पूर्ण आठवडा गेला. त्या मुलाचा दोष काहीच नव्हता. त्याच्या हाती जो अधिकार द्यायला नको होता तो आम्ही दिला होता.

सामाईक फोल्डर वापरायचाच असेल तर तो वाचनासाठी वापरावा: त्यात सूचना, नमुने, तक्ते ठेवावेत. काम जमा करण्यासाठी प्रत्येक मुलाचा स्वतंत्र फोल्डर असावा, जो त्या मुलाला आणि शिक्षकांनाच दिसेल, किंवा फाइल स्वीकारणारा फॉर्म असावा, ज्यात फाइल टाकता येते पण इतरांच्या फायली पाहता येत नाहीत.

फायलींना नावे कशी द्यावीत?

नावाची पद्धत शाळेने ठरवावी आणि फळ्यावर कायम लिहून ठेवावी. हजेरी क्रमांक, विषय, कामाचे छोटे नाव, आणि प्रत कितवी आहे एवढे पुरते, उदाहरणार्थ ‘०७-भूगोल-नदी-२’. क्रमांक दोन अंकी लिहावा, अन्यथा काही ठिकाणी १ नंतर १०, ११ आणि मग २ असा क्रम लागतो आणि गुण भरताना ओळी चुकतात. तारीख घालायची असल्यास वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवावा, म्हणजे फायली आपोआप कालक्रमाने लागतात. तारखेत तिरकी रेघ वापरू नये. विंडोजमध्ये फाइलच्या नावात ती चालतच नाही.

‘गृहपाठ नवीन शेवटचा खरा’ या नावाची फाइल दरवर्षी एकदा तरी येते. तिच्यावर हसून सोडून द्यावे, पण गुण देण्यापूर्वी ती कोणाची, हे विचारावे. वर्गाचे साधन वापरल्यास नाव आणि वेळ आपोआप नोंदवली जाते आणि हा सारा खटाटोप बऱ्याच अंशी टळतो.

वहीच्या पानांचे फोटो नीट येत नाहीत. काय करावे?

बहुतेक वाईट फोटोंचे कारण कॅमेरा नसून उजेड असतो. दिवा मुलाच्या पाठीमागे असला की त्याच्या हाताची आणि फोनची सावली नेमकी उत्तरावर पडते. खिडकीजवळ वही सपाट ठेवून, उजेड एका बाजूने येईल असे बसून, फोन पानाच्या बरोबर वर धरून फोटो काढावा. हे एकदा वर्गात करून दाखवले की घरी पाठवलेल्या दहा सूचनांपेक्षा अधिक परिणाम होतो.

साध्या कॅमेऱ्याऐवजी स्कॅन करणारी सोय वापरावी. आजकाल ती अनेक फोनमध्ये आणि साठवणीच्या ॲपमध्ये आधीपासूनच असते. ती पानाच्या कडा ओळखते, तिरकेपणा काढते आणि सर्व पानांची एकच पीडीएफ करते. हा मुद्दा केवळ देखणेपणाचा नाही. बारा मेगापिक्सेलचा एक फोटो साधारण तीन मेगाबाइटचा धरला तर चाळीस मुलांची चार-चार पाने म्हणजे ४८० मेगाबाइट होतात. स्कॅन केलेले पान ३०० किलोबाइटच्या आसपास राहिले तर तेच काम ४८ मेगाबाइटमध्ये मावते. चार सुटे फोटो उलट्या क्रमाने आले की शिक्षकाला आधी पाने जुळवावी लागतात, तोही त्रास वाचतो.

काही आयफोनवरील फोटो एचइआयसी या प्रकारात साठवले जातात. ॲपलने तो २०१७ पासून वापरात आणला. जुन्या संगणकावर अशी फाइल उघडत नाही आणि मुलाने काम दिलेच नाही असा गैरसमज होतो. पीडीएफचा नियम ठेवल्यास हा घोळ होत नाही. टंकलिखित कामाच्या बाबतीतही तेच. जुन्या, युनिकोड (सर्व संगणकांवर अक्षरे सारखीच ओळखली जाण्याची सामाईक पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य अक्षरांच्या रूपात दिसतो; असा मजकूर पीडीएफमध्ये वाचता येतो, पण त्यात शब्द शोधता येत नाही. म्हणून मुलांना पहिल्या दिवसापासून युनिकोड टंकलेखनाचीच सवय लावावी.

ज्या मुलांकडे स्वतःचा फोन किंवा संगणक नाही, त्यांचे काय?

या प्रश्नाचे उत्तर तयार नसेल तर व्यवस्था सुरूच करू नये. घरात एकच फोन असतो, तो दिवसभर कामावर गेलेल्या पालकाकडे असतो, रात्री तीन भावंडांत वाटला जातो आणि मुदत मात्र संध्याकाळी सहाची ठेवलेली असते. अशा वेळी उशिराचे गुण कापणे म्हणजे घरच्या परिस्थितीचे गुण कापणे होय.

आमच्याकडे उपयोगी पडलेला मार्ग साधा आहे. कागदावरचे काम नेहमी स्वीकारले जाते. वर्गाच्या कोपऱ्यात शाळेचा एक टॅब्लेट स्टँडवर उभा ठेवला आहे. मधल्या सुट्टीत मुले वही त्याखाली ठेवतात, पान स्कॅन करतात आणि आपल्या नावाच्या फोल्डरमध्ये टाकतात. स्टँडच्या पायाशी चिकटपट्टीने वहीचा आकार आखलेला आहे, त्यामुळे पान दरवेळी बरोबर चौकटीत बसते. दोन मुलांवर त्याची जबाबदारी असते आणि एका सुट्टीत पंधरा-वीस मुलांचे काम सहज होते. विशेष म्हणजे घरी फोन असलेली मुलेही हळूहळू तेथेच येऊ लागली, कारण घरून अपलोड करण्यापेक्षा ते झटपट होते.

इंटरनेट अधूनमधून जात असेल तर फायली आधी टॅब्लेटवर साठवून नंतर चढवाव्यात. मुदतीची वेळ रात्री उशिराची ठेवण्याऐवजी दुसऱ्या दिवशीच्या शाळेच्या वेळेतली ठेवावी.

मुदत आणि उशीर यांचे नियम कसे असावेत?

दोन तारखा ठेवाव्यात. पहिली अपेक्षित तारीख आणि दुसरी त्यानंतर दार बंद होण्याची. मूडलमध्ये या दोन्हींसाठी वेगळ्या सोयी आहेत: पहिल्या तारखेनंतर आलेले काम ‘उशिरा’ असे नोंदले जाते, दुसरीनंतर स्वीकारलेच जात नाही. मधल्या दिवसांत शिक्षकाला कारण विचारता येते. संगणकाने आपोआप गुण कापण्याची सोय काही साधनांत आहे. ती मी बंद ठेवतो.

तपासणीचा वेळ वाचतो का?

गोळा करण्याचा, मोजण्याचा आणि ओझे वाहण्याचा वेळ वाचतो. वाचण्याचा वेळ वाचत नाही. एका निबंधाला सहा मिनिटे लागत असतील तर चाळीस निबंधांना चार तास लागणारच, मग ते कागदावर असोत की पडद्यावर. पहिल्या काही आठवड्यांत तर वेळ वाढतो, कारण पडद्यावर शेरा लिहिण्याचा हात बसलेला नसतो. ज्या अधिकाऱ्यांनी ‘आता तपासणी निम्म्या वेळात होईल’ असे आश्वासन देऊन ही व्यवस्था आणली, त्यांच्या शिक्षकांचा विश्वास पहिल्याच महिन्यात उडाल्याचे मी पाहिले आहे.

जेथे खरोखर फायदा होतो ते सांगतो. वारंवार लिहावे लागणारे शेरे एका यादीत साठवून ठेवता येतात आणि आवश्यक तेथे बदलून वापरता येतात. निकषांचा तक्ता आधीच मुलांना दिला असेल तर तपासताना त्यावर खूण करणे पुरते. लहान मुलांसाठी किंवा लांब लेखनासाठी अर्ध्या मिनिटाचा बोललेला शेरा अधिक परिणामकारक ठरतो. त्यात शिक्षकाच्या आवाजातील आपुलकीही पोहोचते. बहुपर्यायी प्रश्न संगणकाने तपासावेत, यात कोणाचे दुमत असू नये.

गुण आणि शेरा एकदमच पाठवावेत का?

शक्यतो नाही. संशोधक रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाचवी-सहावीच्या मुलांचे गट केले होते: काहींना केवळ शेरा, काहींना केवळ गुण आणि काहींना दोन्ही दिले गेले. केवळ शेरा मिळालेल्या मुलांची पुढील कामगिरी सुधारली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा तसा लाभ झाला नाही. आकडा दिसला की त्याखालचे वाक्य वाचण्याचे कारण उरत नाही, हे वर्गात रोजच दिसते.

डिजिटल साधनांत हे पाळणे कागदापेक्षा सोपे आहे. शेऱ्यासह काम परत करावे, गुणाचा रकाना रिकामा ठेवावा, मुलाकडून सुधारित प्रत घ्यावी आणि मग गुण भरावेत. ज्या साधनात काम एकदा परत दिल्यावर दुसऱ्यांदा जमा करता येत नाही, ते साधन निवडू नये. माझ्या दृष्टीने ही एक सोय बाकीच्या दहा सोयींपेक्षा महत्त्वाची आहे.

मुलाने काम स्वतः केले की नक्कल केली किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतले, हे कसे ओळखावे?

दोन मुलांच्या कामातील जसाच्या तसा मजकूर किंवा संकेतस्थळावरून उचललेला परिच्छेद शोधणारी साधने आहेत आणि ती बऱ्यापैकी काम करतात, कारण त्यांच्याकडे तुलनेला दुसरा मजकूर असतो. यंत्राने लिहिलेला मजकूर ओळखण्याचा दावा करणारी साधने वेगळी असतात. ती केवळ अंदाज बांधतात. ओपनएआय या कंपनीने स्वतःचे असे साधन जानेवारी २०२३ मध्ये आणले आणि अचूकता कमी असल्याचे सांगून त्याच वर्षी जुलैमध्ये मागे घेतले. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी त्याच वर्षी अशा सात साधनांची चाचणी घेतली, तेव्हा इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्यांनी परीक्षेत लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे ठरवले गेले. सोपी वाक्ये आणि मर्यादित शब्दसंपदा यांमुळे तसे घडले. शाळकरी मुलांचे लेखन नेमके तसेच असते. अशा साधनाच्या टक्केवारीवर एखाद्या मुलाला दोषी ठरवणे अन्यायाचे आहे, एवढे स्पष्ट लिहून ठेवतो.

त्याऐवजी लेखन घडताना पाहावे. सामाईक दस्तऐवजात आवृत्त्यांचा इतिहास असतो; तीन दिवसांत हळूहळू वाढलेला निबंध आणि रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी एकाच वेळी चिकटवलेली सहाशे शब्दांची वीट यांतील फरक लगेच दिसतो. तरीही तो फरक म्हणजे पुरावा नव्हे, कारण मुलाने वहीत लिहून नंतर एकदम टाइप केलेले असू शकते. पुढची पायरी म्हणजे मुलाला जवळ बसवून त्याच निबंधातील एखाद्या वाक्याबद्दल विचारणे. दोन मिनिटांत जे समजायचे ते समजते.

गटाने केलेल्या प्रकल्पाचे काय?

जमा एकानेच करावे, पण कोणी काय केले याच्या चार ओळी प्रत्येकाने स्वतंत्रपणे लिहून द्याव्यात.

अगदी लहान मुलांना हे जमेल का?

पासवर्ड टाइप करणे जमत नाही, ही त्यांची खरी अडचण असते. काही साधनांत क्यूआर कोडची चिठ्ठी कॅमेऱ्यासमोर धरली की खाते उघडते. ती चिठ्ठी म्हणजे किल्ली आहे हे लक्षात ठेवून ती दप्तराला बाहेरून चिकटवू नये.

दृष्टिबाधित किंवा वाचनात अडचण असलेल्या मुलांसाठी कोणती काळजी घ्यावी?

शिक्षकाने दिलेला स्वाध्याय हा पानाचा फोटो असेल तर पडदावाचक (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) त्यातील मजकूर सहसा वाचू शकत नाही. त्याच्या लेखी ते केवळ चित्र असते. म्हणून सूचना टाइप करून द्याव्यात किंवा स्कॅनमधील अक्षरे ओळखून मजकुरात रूपांतर करण्याची सोय वापरून नंतर तो मजकूर तपासावा. लाल-हिरव्या रंगांतूनच बरोबर-चूक दाखवू नये, शब्दही लिहावा. तोंडी उत्तर ध्वनिमुद्रित करून देण्याची मुभा या मुलांबरोबरच सर्वांना दिली, तर कोणी वेगळे पडत नाही.

मुलांच्या माहितीची सुरक्षितता कशी राखावी?

सर्वांत आधी, कमी गोळा करावे. जी माहिती घेतलीच नाही ती चोरीला जात नाही. काम जमा करण्याच्या फॉर्ममध्ये जन्मतारीख, पत्ता आणि पालकांचा फोन क्रमांक विचारण्याचे काहीच कारण नसते, तरी सवयीने ते रकाने ठेवलेले दिसतात.

मुलांच्या संमतीबाबतचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत. अमेरिकेचा १९९८ चा कायदा तेरा वर्षांखालील मुलांना लागू होतो. युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू झालेल्या नियमांत मर्यादा सोळा वर्षांची असून सदस्य देशांना ती तेरापर्यंत खाली आणता येते. भारताच्या २०२३ च्या कायद्यात अठरा वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती बालक मानली आहे. शाळेने आपल्या ठिकाणचा नियम पाहून, पालकांना समजेल अशा भाषेत एका पानाची संमती घ्यावी आणि त्यात काम कोठे साठवले जाते, ते कोण पाहू शकते आणि केव्हा पुसले जाते, हे लिहावे.

तांत्रिक बाजूला तीन गोष्टी चुकवू नयेत. शिक्षकांच्या आणि विशेषतः व्यवस्थापकाच्या खात्याला पासवर्डखेरीज दुसरी पडताळणी असावी. पॉवरस्कूल या मोठ्या शालेय प्रणालीत डिसेंबर २०२४ मध्ये झालेली माहितीची चोरी एका चोरलेल्या लॉगिनच्या जोरावर झाली होती. ‘लिंक ज्याच्याकडे असेल त्याला पाहता येईल’ असा पर्याय मुलांच्या कामासाठी वापरू नये, कारण लिंक पुढे कोठे जाईल यावर कोणाचे नियंत्रण राहत नाही. आणि फोनने काढलेल्या फोटोत तो जेथे काढला त्या जागेची नोंद दडलेली असू शकते, म्हणून मुलांनी घरी काढलेले फोटो जसेच्या तसे शाळेच्या संकेतस्थळावर टाकू नयेत.

काम किती काळ जपावे? आणि कोठे?

सर्व काही कायमचे जपण्याचा मोह टाळावा. दैनंदिन गृहपाठ वर्ष संपल्यावर पुसावा. अंतर्गत मूल्यमापनाचे काम नियमानुसार तक्रारीची मुदत संपेपर्यंत ठेवावे. आणि मुलाने स्वतः निवडलेली पाच-सहा कामे त्याच्या संग्रहात पुढील इयत्तेत जावीत. जागेचा प्रश्नही खरा आहे. गूगलने शाळांना दिलेली अमर्याद साठवण बंद करण्याचे २०२१ मध्ये जाहीर केले आणि त्याऐवजी संपूर्ण संस्थेसाठी मिळून १०० टेराबाइटची मूळ मर्यादा घातली. हा आकडा मोठा वाटतो, पण चित्रफिती जमा होऊ लागल्या की तो वाटतो तितका मोठा राहत नाही.

जे जपायचे त्याच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक शाळेच्या इमारतीबाहेर. सत्राअखेर एखादी फाइल प्रत्यक्ष परत मिळवून पाहावी.

उद्या ती सेवाच बंद पडली तर?

तसे घडते. जगभरातील शिक्षक वापरत असलेली एडमोडो ही सेवा २२ सप्टेंबर २०२२ रोजी बंद झाली आणि बंद होण्याची सूचना त्याआधी जेमतेम काही आठवडे मिळाली. गूगलचा जॅमबोर्ड हा डिजिटल फळाही २०२४ च्या अखेरीस बंद झाला. म्हणून साधन निवडतानाच विक्रेत्याला एक प्रश्न विचारावा: वर्गातील सर्व काम, शेरे आणि गुण यांसह, एकदम बाहेर काढता येते का, आणि कोणत्या प्रकारच्या फायलींत? उत्तर पीडीएफ, साधा तक्ता, नेहमीची चित्रे असे असेल तर ठीक. ‘आमच्याच ॲपमध्ये उघडते’ असे असेल तर पुढे जाऊ नये. प्रात्यक्षिकाच्या वेळी हे प्रत्यक्ष करून दाखवायला सांगावे; मी सांगितले तेव्हा दोन विक्रेत्यांनी ‘ती सोय लवकरच येणार आहे’ असे उत्तर दिले होते.

पालकांनी काय पाहावे?

मूल काम जमा करते की नाही याची रोजची पहारेदारी करण्यापेक्षा, आठवड्यातून एकदा मुलाच्या शेजारी बसून परत आलेल्या कामावरील शेरा त्याच्याकडून वाचून घ्यावा. मुलाच्या खात्यातून पालकांनी स्वतः काम जमा करू नये.

सुरुवात कोठून करावी?

एक इयत्ता, एक विषय, एकच काम. पहिल्या आठवड्यात मुलांना केवळ स्वतःविषयीच्या तीन ओळी आणि एक चित्र जमा करायला सांगावे. त्याला गुण नसावेत. कोणाचे खाते उघडत नाही, कोणाची फाइल उलटी येते, कोण दुसऱ्याच वर्गात जाऊन बसले आहे, हे सारे तेव्हाच कळते आणि कोणाचे नुकसान होत नाही. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकाला एका वाक्याचा शेरा देऊन काम परत करावे आणि वर्गात विचारावे, ‘तुमच्या कामावर मी काय लिहिले आहे?’ आमच्या पहिल्या प्रयत्नात चाळीसपैकी अकरा मुलांना शेरा कोठे दिसतो हेच ठाऊक नव्हते. तो तास आम्ही फळ्यावर पडदा लावून, शेरा कोठे उघडायचा एवढेच दाखवण्यात घालवला आणि पुढचे काम त्यानंतरच दिले.